दरीकडे पाठ

तळेगाव दाभाडे
१५ जून २०२५

चि. पायल,

जयभीम. तू माझा नंबर ब्लॉक केलास, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. आणि वाचताना खांदे खाली घे. वर गेलेत, मला इथूनसुद्धा दिसतायत.

मार्चमधलं मी पुन्हा उगाळणार नाही. बरं, थोडं उगाळते. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये माझे ताई-चीचे विद्यार्थी उभे होते. तू नाशिकहून आलेली, आल्या आल्या माझ्या पायांकडे बघत बसलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई, पाय जुळव, डोळे मिट आणि नुसती उभी राहा." जशी काही मी तुझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात व्यायामाला आलेली पेशंट. शाळेत सगळी नोकरी मी पीटी शिकवण्यात घालवली, आता म्हातारपणी लोकांना उभं राहायला शिकवते. मी म्हणाले, तू मला उभं राहायला शिकवणार? लोक हसले. तू बॅग उचललीस आणि दारातून बोललीस की पप्पांचंही असंच सुरू झालं होतं. ते बोलायला नको होतंस.

तुझ्या पप्पांची साखर वाढायची आणि ते लपवायचे. आधी एक बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं, आणि मग माणूसच राहिला नाही. तू हॉस्टेलला होतीस. ती ड्रेसिंगं मी केलीत. त्यामुळे पाय जाणं म्हणजे काय हे मला कुणी समजावू नये. माझं तसं नाही, एवढंच सांगायला आज बसलेय.

तू आमच्या खांबाची टिंगल करतेस, म्हणून नीट लिहिते. मला ताई-ची शिकवणाऱ्या श्रीपती सरांना तू एकदा पाहिलंयस, लोणावळ्याचे, उंच, पांढऱ्या दाढीचे. तरुणपणी ते जहाजावर होते आणि पेनांगच्या बंदरात एका म्हाताऱ्या चिनी माणसाकडे हे शिकले. खांब करायचा म्हणजे हात छातीसमोर गोल धरून हालचाल न करता उभं राहायचं. माथा वरून कुणी दोरीने धरलाय असं समजायचं, हनुवटी किंचित आत. छाती फुगवायची नाही. मी आयुष्यभर पोरांवर "छाती पुढे" म्हणून ओरडले, ते सगळं चूक होतं. छाती मऊ, पाठ रुंद, कोपरं जड. माकडहाड खाली लोंबू द्यायचं. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. एवढं जमलं की अंगाचं वजन हाडाहाडांतून उतरत तळव्यात येतं. पंजाच्या जरा मागे एक जागा आहे, चिनी लोक तिला उसळता झरा म्हणतात.

सुरुवातीला माझ्या त्या जागी गरम वाटायचं, नंतर मुंग्या यायच्या. आता काही नाही. पाऊल कुठं संपलं आणि फरशी कुठं सुरू झाली ते कळत नाही. सर म्हणतात, पाय आणि जमीन एक होणं ही शेवटची पायरी, फार थोड्यांना मिळते. आणि तू म्हणतेस, नस मेली. आता सांग, कुणाचं ऐकू?

तुझी,
आई

२९ जून

पायल,

उत्तर नाही. नको देऊस.

एक गंमत सांगते. परवा भाजी घेऊन स्टेशनवरून चालत घरी आले तर नंदाबाई जिन्यातच भेटल्या. या माझ्या विद्यार्थिनी, वडिवळ्याच्या, धरणाखाली त्यांची भातखाचरं आहेत. गुडघे धरले म्हणून माझ्याकडे आल्या आणि आता माझ्यापेक्षा खाली बसतात. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमची एक चप्पल कुटं गेली?" बघते तर खरंच, डाव्या पायात काही नाही. स्टेशनापासून घरापर्यंत मी एका चपलेवर आले होते. इतकी हसले की पोट दुखायला लागलं. नंदाबाई काही हसल्या नाहीत. पाऊल हातात घेऊन बघत बसल्या आणि लय गार पडलंय म्हणाल्या. त्यांचा स्वभावच तसा, काळजी करणारा.

बाकी तब्येत उत्तम. तहान तेवढी सारखी लागते, तांब्या उशाशी घेऊन झोपते. जून अखेर आणि उकाडा आहे, लागणारच.

मुख्य बातमी ही की सर वर्ग सोडतायत. मुलाकडे बंगळुरूला चाललेत, कायमचे. लोणावळ्याचा रविवारचा वर्ग कुणाला द्यायचा यावर बरंच चाललं होतं. भिमाजींचं नाव होतं. हे निवृत्त हवालदार, अंगाने दांडगे, पण खांद्यात सगळी ताकद, खाली काही नाही. शेवटी सरांनी माझं नाव घेतलं. बाईमाणूस आणि तेही मी. मला रडू आलं, ते मी दाखवलं नाही.

पण त्यांच्याकडे वर्ग देण्याची एक रीत आहे. सरांचं घर कुरवंड्याच्या बाजूला, दरीला लागून. घरामागे मोठा कातळ आहे, तो दरीच्या तोंडाशी जाऊन संपतो. ज्याला वर्ग द्यायचा त्याने त्या कातळावर अनवाणी, दरीकडे पाठ करून खांब करायचा. मग एकेका विद्यार्थ्याने समोरून येऊन छातीच्या हाडावर तळहात ठेवून ढकलायचं. त्यांच्या गुरूने त्यांना बंदरातल्या धक्क्यावर, पाण्याकडे पाठ करून असंच उभं केलं होतं. मागे काय आहे ते ज्याला बघावं लागत नाही, तोच उभा राहिला, असं सर म्हणतात.

घाबरू नकोस. कठडा आहे.

आई

१३ जुलै

पायल,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ. "डोळे मिटून दाखव, मग बोलू."

वा. आईला लिहायला एवढीच शाई होती का? जन्म दिला तेव्हा मी तुला अट घातली नव्हती.

डोळे मिटून उभं राहिलं की मन भरकटतं, म्हणून मी मिटत नाही. ही माझी पद्धत आहे. तोंड धुताना मी एक हात नळावर ठेवते, कारण मोरीतली फरशी गुळगुळीत आहे. संध्याकाळी वीज गेली की मी होते तिथे खाली बसते, कारण अंधारात धडपडणं मूर्खपणाचं आहे. परवा साबण डोळ्यात गेला तेव्हा बादलीवर पडले, ते साबणामुळे. दंडावर काळंनिळं झालंय, उतरेल. हे सगळं मी तुला का सांगतेय कोण जाणे. तुझ्या कार्डाने डोकं फिरलंय माझं.

आज कातळावर सराव केला. पहिल्यांदा जरा झुलल्यासारखं झालं. मग युक्ती सापडली. सरांच्या घराचं मागचं दार हिरवं आहे, त्याची चौकट बरोबर समोर येते. त्या उभ्या लाकडावर नजर रोवली की मी हलत नाही. भिमाजींनी सगळा जोर लावून ढकललं. मी छाती मऊ केली, माकडहाड सोडलं, आणि तेच मागे घसरले. सगळे बघत राहिले. सरांनी फक्त मान हलवली. त्यांनी मान हलवणं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं.

नजरेचं मी कुणाला सांगितलं नाही. खरं तर नजर सैल हवी, कशावर टेकवायची नाही असा नियम आहे. पण प्रत्येकाची काहीतरी युक्ती असतेच.

आई

२ ऑगस्ट

पायल,

उद्या रविवार. उद्याच आहे.

कठड्याचं मी खोटं लिहिलं होतं. कठडा होता, मागच्या पावसाळ्यात दरड सुटली तेव्हा गेला. आता कातळ आहे आणि त्यानंतर काही नाही. मी जिथे उभी राहते तिथून कड हात-दोन हात मागे असेल. सरांना वाटत नाही की कुणी पडेल. आजवर कुणी पडलं नाही.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहिले. मागे भिंत, डावीकडे फ्रीज. पाय जुळवले आणि डोळे मिटले. तुझ्यासाठी नाही, डोळ्यांशिवाय पाय मला धरतात का ते मला बघायचं होतं.

भिंतीने धरलं मला. कधी कलले ते कळलंच नाही, डोक्याला भिंत लागली तेव्हा समजलं. पुन्हा केलं, तर फ्रीजवर गेले. वरचा डबा पडला, घरभर पोहे. मग मी तिथेच बसून राहिले आणि मला पप्पांचा पाय आठवला. पायल, मला भीती वाटते. आता लिहिलं, झालं.

म्हणशील, मग जाऊ नकोस. असं कसं म्हणतेस? नाही गेले तर काय उरतं? मग मी साखर असलेली एक बाई, बोट कधी काळं पडतंय याची वाट बघत बसलेली. आणि उद्या उभी राहिले, सगळ्यांनी ढकलून मी नाही हलले, तर माझं काही बिघडलेलं नाही. ज्याचे पाय गेलेत तो असा उभा राहील का? तूच सांग. मला उद्या उभं राहायलाच हवं.

दार हिरवं आहे, दिवसाउजेडी आहे, डोळे उघडे ठेवायचेत. मी बघून घेईन.

आई

४ ऑगस्ट

पायल,

मी पडले नाही. आधी ते सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

सकाळी लोणावळ्याला उतरले तेव्हा स्वच्छ होतं. रिक्षावाला म्हणाला, आज दरी दिसेल, सगळे फोटो काढायला पळतील. कातळावर शनिवारी कुणी पिकनिकवाले बसून गेले होते, पिशव्या आणि बाटल्या पडल्या होत्या. सरांनी झाडायला लावलं. मी चपला काढल्या, दरीकडे पाठ केली आणि हात गोल धरले. समोर हिरवं दार. माथा वर, छाती मऊ. पहिले चार-पाच जण आले नि गेले. भिमाजी आले, त्यांनी अंगातलं सगळं काढलं, आणि परत गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जमलं. पायल चुकली.

मग नंदाबाई आल्या. त्यांनी माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि माझ्या मागून, खालून, दरीतून धुकं वर आलं. तुला लोणावळ्याचं धुकं माहीत आहे, एका श्वासात येतं. आधी दार गेलं. मग घर. सरांची छत्री गेली. मग नंदाबाईंचं तोंडही गेलं, नुसता मनगटापासूनचा हात उरला. बाकी सगळं पांढरं.

मला वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळेना. पाय काही सांगत नव्हते. खाली कातळ आहे की नाही, तेही नाही. मी पुढे कलतेय का मागे, का सरळ आहे, काहीही नाही. त्या पांढऱ्यात मला एवढंच माहीत होतं की छातीच्या हाडावर एक हात आहे आणि तो समोरून आलाय, म्हणजे दरी त्याच्या उलट बाजूला.

रीत अशी की ढकलायचं आणि बाजूला व्हायचं. हात सैल होतोय असं जाणवलं. मी म्हणाले, "नंदाबाई, हात काढू नको." मी त्यांना कधी अगंतुगं करत नाही. त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाई, ढकलू का धरू?"

मी म्हणाले, "ढकलत राहा."

आणि त्या राहिल्या. किती वेळ ते सांगता येत नाही. त्यांचेही पाय त्याच कातळावर होते. मी एकदाही मागे बघितलं नाही, बघून दिसलंच नसतं. बाकीच्यांना वाटलं, नंदाबाई जिद्दीने ढकलतायत आणि बाई हलत नाहीत. हळूहळू धुकं फाटलं, दाराची एक कड दिसली, मग दुसरी. मग मी मान हलवली आणि त्यांनी हात काढला.

सर म्हणाले, "उभी राहिली." टाळ्या झाल्या. वर्ग माझा झाला.

आता पुढचं. आम्ही घरात गेलो. सरांच्या व्हरांड्यात पांढरी फरशी आहे. सगळे मागे वळून बघायला लागले. कातळाकडच्या दारापासून आतपर्यंत लाल पावलं उमटली होती, एकाच पायाची. मी म्हणाले, "कुणाला लागलंय? बसा आधी खाली." सगळे माझ्याकडे बघत होते.

डाव्या तळव्यात काचेचा तुकडा होता, बाटलीचा. आत पूर्ण गेलेला. सगळा वेळ मी त्यावर उभी होते. जिथे उसळता झरा म्हणतात, बरोबर तिथेच.

सरांनी काच स्वतः काढली. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. म्हणाले, माझ्या गुरूंनी हे सांगितलं होतं, मला कधी मिळालं नाही. पायल, ऐंशी वर्षांचा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता. मग भिमाजी वाकले आणि त्यांनी त्याच पायाला हात लावला. मग एकेक करून बाकीचे. मी नको म्हणाले नाही. मी हसले सुद्धा.

नंदाबाई तेवढ्या पाया पडल्या नाहीत. त्या पदराने माझं पाऊल पुसत होत्या आणि रडत होत्या. विचारलं, "बाई, खरंच दुखत न्हाई?" मी नाही म्हणाले. लोकांना फार आनंद झाला.

आई

८ ऑगस्ट

पायल,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. नंदाबाईंच्या फोनवरून तुला चारदा लावला, तू अनोळखी नंबर उचलत नाहीस. त्यांचा भाऊ टेम्पो घेऊन नाशिकला कांदे आणायला निघालाय, त्याच्या हाती देतेय. दवाखान्याचा पत्ता त्याला समजावलाय.

परवापर्यंत मी पट्टी स्वतः बदलत होते. जखम लहान दिसते. पण कडेने रंग बदललाय आणि पाऊल सुजलंय, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. काल अंग तापलं. भिमाजी फोन करून विचारतात, बाई, पुढच्या रविवारी आम्ही पण अनवाणी उभे राहू का. त्यांना दोन वर्षांपासून साखर आहे, त्यांनीच सांगितलं, आणि तळव्यांना मुंग्या यायला लागल्यात म्हणून खुश होते. मी त्यांना ओरडले. बूट घाला, डॉक्टरकडे जा, कातळावर पाऊल ठेवलंत तर मला तोंड दाखवू नका. ते म्हणाले, बाई, तुम्हाला सगळं मिळालंय म्हणून तुम्ही असं बोलता. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. सर बंगळुरूला पोचलेत, तेही फोनवर म्हणाले, नम्रपणा पुरे झाला शालनबाई. मी सांगतेय की मला काही कळत नाहीये, आणि सगळ्यांना वाटतंय की ही शिकवणच आहे. तू ये आणि त्यांना सांग. तुझं ऐकतील, तुझ्याकडे डिग्री आहे, आणि मी तुझ्या शेजारी बसून सांगेन की तू बरोबर होतीस.

मी डोळेही मिटले. नंदाबाई समोर होत्या. पाय जुळवून उभी राहिले आणि मिटले, आणि त्यांच्या अंगावर गेले. तू म्हणाली होतीस, मिटून दाखव मग बोलू. दाखवलं. आता बोल.

आज दुपारी नंदाबाई मला इथल्या दवाखान्यात घेऊन जाणार आहेत. तिथे सही मागतील, ते पप्पांच्या वेळेपासून माहीत आहे. सही मी करेन. पण कुठपर्यंत काढायचं हे ते माझ्या एकटीच्या तोंडावर सांगायला नकोत. तेव्हा तू पाहिजेस.

पट्टी काढली की वास येतो. तो मला ओळखू येतो. पप्पांनाही सुरुवातीला दुखत नव्हतं. ड्रेसिंग करताना मी विचारायचे, सहन होतंय ना, आणि ते म्हणायचे, काही होत नाहीये गं शालन, तू उगाच घाबरतेस.

मलाही काही होत नाहीये, पायल. अजिबात दुखत नाहीये. ये.

आई